भामरागड-एटापल्लीकडे नेमणूक झाली? हिवतापाच्या कामाला असा हात घाला

नेमणुकीचा आदेश हातात पडला आणि गावाचं नाव नकाशावर शोधावं लागलं, अशा नव्या आरोग्यसेवकांसाठी, आरोग्यसेविकांसाठी, आशाताईंसाठी आणि बंधपत्रावर येणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. माझी नोकरी दक्षिण गडचिरोलीत गेली, आणि तिचा मोठा भाग हिवतापात. सुरुवातीला मला जे कोणी सांगितलं नाही, ते इथे आधी सांगतो.

महाराष्ट्रात हिवताप म्हटलं की दोन ठिकाणं डोळ्यांपुढे येतात, मुंबई आणि गडचिरोली. रोगाचं नाव एकच, पण काम वेगळं. मुंबईत ॲनॉफिलिस स्टीफेन्सी जातीचा डास गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामावर साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्याकडे क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिॲटिलिस या जाती आहेत. त्यांना झरे, संथ नाले, धानाच्या बांध्या, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. शहरात छापलेलं पोस्टर घेऊन तुम्ही माडिया आदिवासींच्या गावात गेलात, तर त्यातलं निम्मं तिथे लागू पडत नाही. दुसरा फरक जिवावरचा आहे. इथला बहुतेक हिवताप फॅल्सिपेरमचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'पीएफ'. मेंदूवर जाणारा हिवताप तो हाच.

आधी दिवसांचा हिशेब

फवारणी, मच्छरदाण्या, रक्तनमुने ही कामं सुटी सुटी वाटतात. दिवस मोजायला लागलात की ती एकाच दोरीत ओवलेली दिसतात.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. डास रुग्णाला चावला की लगेच दुसऱ्याला रोग देत नाही. जंतू त्याच्या अंगात वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रोग पसरवते ती तेवढे दिवस जगलेली म्हातारी मादीच. दर दोन-तीन दिवसांनी तिला रक्त लागतं, म्हणजे त्या काळात ती चार-पाच वेळा तरी घरात शिरते आणि रक्त पिऊन जड झाली की बरेचदा भिंतीवर बसते. मच्छरदाणी आणि फवारलेली भिंत यांना तिला गाठायची चार-पाच वेळा संधी मिळते. गावातले सगळे डास मारायची गरज नाही, त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही तरी रोग थांबतो.

आता माणसाच्या बाजूचे दिवस. पीएफच्या रुग्णाच्या रक्तात डासाला लागण करू शकणारे जंतू ताप सुरू झाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी दिसू लागतात. ताप आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गोळी पोटात गेली, तर त्या माणसापासून डासाला फारसं काही मिळत नाही. तोच माणूस तीन दिवस पूजा करून उपचार करणाऱ्या गावच्या पुजाऱ्याकडे, दोन दिवस बाजाराच्या गावात सुई टोचून घेण्यात आणि पाच दिवस खाटेवर काढून तुमच्याकडे आला, तर तोवर त्याच्या घरातले डास लागण घेऊन बसलेले असतात.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक रुग्णासमोर एक आकडा लाल शाईने असायचा. ताप आल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस गेले, तो. कुठल्याही गावात हा आकडा पाचाचा दोन झाला, की पुढच्या हंगामात रुग्ण कमी व्हायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा आकडा खाली आणण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : गाव वहीत उतरवा

जुनी कुटुंब-यादी कपाटात सापडेल. तिच्यावर विसंबू नका. आशाताईंना सोबत घेऊन टोल्याटोल्याने, म्हणजे पाड्यापाड्याने, स्वतः फिरा. घर क्रमांक आणि माणसं लिहालच, पण माणसं कुठे झोपतात तेही लिहा. धान पिकायला आलं की राखणीला माणसं शेतातल्या मचाणावर झोपतात. उन्हाळ्यात खाटा अंगणात येतात. तरुण पोरं गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामाईक घरात, असतात. आश्रमशाळेत एका दालनात कितीतरी मुलं ओळीने झोपतात. घरात टांगलेली मच्छरदाणी यांतल्या कुणाच्याही कामाची नाही, आणि हे वहीत नसेल तर तुमच्या ध्यानातही येणार नाही.

मग पाणी बघा. कोणत्या घरांच्या मागून नाला जातो, झरा कुठे आहे, बोडी (लहान तळं) कुठे. उतारावरच्या झऱ्याजवळच्या दोन-चार घरांत दर वर्षी पहिला रुग्ण निघतो, असं बऱ्याच गावांत आढळेल.

येणारे-जाणारेही लिहा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडी परततात, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर बाहेरचे मजूर येतात. परतलेल्या प्रत्येक माणसाची ताप असो-नसो चौकशी करायची, आणि ताप असेल तर रक्त त्याच दिवशी.

आशाताईंकडून माडिया बोलीतले तीन प्रश्न शिकून घ्या. ताप आहे का, कधीपासून आहे, गोळ्या संपवल्या का. उच्चार चुकला तर लोक हसतील, हसू द्या. त्या हसण्यानंतर दार जास्त उघडतं.

दुसरी पायरी : रक्तनमुना

प्रत्येक तापाचं रक्त घ्यायचं. सर्दी असो, खोकला असो, 'पावसात भिजलो म्हणून आला' असं कुणी सांगो, रक्त घ्यायचंच. इथे तुमचा अंदाज चालत नाही, अगदी वीस वर्षांच्या अनुभवानंतरही.

डाव्या हाताचं अनामिका बोट घ्या, टोकाच्या किंचित बाजूला टोचा. तान्ह्या बाळाची टाच. स्पिरिटने पुसल्यावर बोट वाळू द्या. ओल्या स्पिरिटमुळे रक्त खराब होतं आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तुमची काचपट्टी बाजूला टाकतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका. दर माणसाला नवी सुई, वापरलेली सुई जाड डब्यात.

काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ थर हवा. जाड थरात जंतू आहे का ते लवकर कळतं, पातळ थरात कोणत्या जातीचा ते कळतं. पट्टी सपाट ठेवून सावलीत वाळवा आणि झाकून ठेवा. माश्या आणि झुरळं वाळलेलं रक्त खातात. मी नवीन असताना एका टोल्यावर घेतलेल्या अकरा पट्ट्या रात्री ओट्यावर उघड्या ठेवल्या. सकाळी त्यांतल्या चार कोऱ्या निघाल्या, आणि त्या चार माणसांसाठी मला पुन्हा नाला ओलांडून जावं लागलं.

पट्टीचा निकाल लांबणार असेल तिथे आरडीके, म्हणजे झटपट तपासणीची किट, जागच्या जागी वापरा, आणि इथे तसा तो बहुतेक लांबतोच. वापरायच्या क्षणीच पाकीट फोडा. आतली ओलावा शोषणारी पुडी आणि मुदतीची तारीख बघा. रक्त एका खाचेत, द्रावण दुसऱ्या खाचेत, थेंब सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेत तेवढेच. चिठ्ठीतली वेळ होईपर्यंत, बहुधा १५ ते २० मिनिटं, घड्याळ बघत थांबा. नियंत्रण रेषा उमटली नाही तर ती चाचणी बाद, दुसरी करा. दोन तासांनी येऊन वाचलेला निकाल धरायचा नाही.

किट उन्हात मरतात. एप्रिल-मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या किटवर भरवसा ठेवू नका. मातीच्या घराच्या आतल्या खोलीत, जमिनीजवळ गारवा असतो, तिथे ठेवा.

आणखी दोन गोष्टी. किट निगेटिव्ह आली पण ताप उतरत नाही, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासा आणि काचपट्टीही घ्या. उलट पीएफच्या रुग्णाची उपचारानंतर किटने फेरतपासणी करू नका. जंतू मेले तरी त्यांचं प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं, किट पॉझिटिव्हच दाखवते आणि बरा झालेला माणूस घाबरतो. पाठपुराव्याला काचपट्टीच हवी.

तिसरी पायरी : गोळी पोटात गेली का?

औषधांचे तक्ते अधूनमधून बदलतात. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लावलेला चालू तक्ता वहीत उतरवून घ्या आणि मात्रा त्यावरूनच ठरवा. ढाचा असा आहे. पीएफला तीन दिवसांचं एसीटी (आर्टेमिसिनिन गटाच्या औषधाला दुसरं औषध जोडलेला उपचार), आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. पीव्हीला, म्हणजे व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाला, तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन. एसीटीची पाकिटं वयोगटानुसार वेगवेगळ्या रंगांची असतात, ती मुलांच्या वयाशी नीट जुळवा. वय माहीत नसेल तर आईला विचारा, बाळ कोणत्या सणाच्या आगेमागे झालं, त्याच्या पाठचं भावंड किती मोठं.

प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचं नाही. गरोदर बाईचा हिवताप नेहमीच डॉक्टरांकडे पाठवायचा. विदर्भातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलसारखीच जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरताही आढळते. ती असलेल्याला प्रायमाक्विनने रक्तातल्या पेशी फुटून त्रास होतो. म्हणून गोळ्या देतानाच सांगा, की लघवी काळी-लाल झाली, डोळे पिवळे झाले, तर त्या क्षणी गोळी बंद करून निरोप पाठवा. मी हे वाक्य आशाताईंकडून माडियात दोनदा सांगायला लावायचो.

पहिला डोस तुमच्यासमोर. लहान मूल असेल तर १५ मिनिटं थांबा. या वेळात उलटी झाली तर मुलाला पंधरा मिनिटं विसावा द्या आणि नव्या पाकिटातून पहिला डोस पुन्हा द्या. तोही उलटला तर तो गंभीर हिवताप समजून लगेच पुढे पाठवा. झटके, गुंगी, असंबद्ध बोलणं, पाणीही न पिणं, धाप, कावीळ, रक्तस्राव यांतलं काहीही दिसलं तरी गोळ्यांवर वेळ घालवू नका. खाटेची कावड करून, ट्रॅक्टरने, जे मिळेल त्याने जिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन आहे तिथे पोचवा, आणि निघायच्या आधी फोन लागत असेल तर कळवा.

पीव्हीच्या १४ दिवसांच्या गोळ्या ही खरी कसोटी. तिसऱ्या दिवशी ताप जातो, माणूस शेतावर जातो आणि उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचलेल्या राहतात. पीव्हीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. समूळ उपचार असं याला म्हणतात ते त्यासाठीच. सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन रिकामं पाकीट हातात घेऊन बघा. 'घेतल्या' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

पुजाऱ्याशी वैर नको

बाहेरून येणारा तरुण बहुतेक इथे चुकतो. पुजाऱ्याकडे जाण्यावरून तो घरच्यांना रागावतो, मग ते लोक पुजाऱ्याकडे जातातच आणि तुमच्यापासून लपवतात. लाल शाईचा आकडा वाढतो. त्याऐवजी पुजाऱ्याला जाऊन भेटा, त्याच्या अंगणात बसा. त्याची पूजा बंद करायला सांगू नका. एवढंच मागा, की त्याच्याकडे तापाचा माणूस आला तर पूजेच्या आधी बोटाचं रक्त घेऊ द्यावं. मी ज्या गावांत हे मागितलं, तिथल्या पुजाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते मान्य केलं. एक जण तर पुढे स्वतःच पोरगा पाठवून बोलावून घ्यायचा. गावपाटील आणि भूमिया (गावातला पारंपरिक मानकरी) यांच्याशीही आधी बोला. त्यांच्या होकाराशिवाय फवारणीचं पथक गावात नेऊ नका.

चौथी पायरी : मच्छरदाणी

कीटकनाशक भारित मच्छरदाणी वाटून घेतली की सही होते, काम होत नाही. दोन माणसांमागे एक हा हिशेब धरा. नवी मच्छरदाणी वापरायच्या आधी एक दिवस सावलीत मोकळी टांगायला सांगा, नाहीतर पहिल्या रात्री अंग चुरचुरतं आणि ती पेटीत जाते. धुवायची ती साध्या साबणाने, गार पाण्यात, न आपटता, सावलीत वाळवायची. ओढ्यात किंवा बोडीत धुवायची नाही, त्या औषधाने मासे मरतात. साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं ती काम देते.

मच्छरदाणीने मासे पकडलेले दिसतील, भाज्यांवर टाकलेली दिसेल. भांडू नका, घरात किती जण आहेत आणि किती मच्छरदाण्या मिळाल्या ते मोजा. पुष्कळदा फाटकी जुनी मच्छरदाणीच माशांना गेलेली असते आणि नवी वरती टांगलेली असते.

तपासणी दुपारी करू नका. रात्री आठ-नऊला आशाताईंसोबत गावातून एक फेरी मारा, किती जण खरोखर आत झोपलेत ते कळेल. राखणीच्या मचाणासाठी एक जास्तीची मच्छरदाणी मागून घ्या, पुरवठा कमी असला तरी मागा. क्युलिसिफेसीस रात्रीच चावतो, आणि कापणीच्या हंगामात माणूस घराबाहेर झोपतो.

पाचवी पायरी : फवारणी

फवारणीचं औषध भिंतीवर राहून तिथे बसलेल्या मादीला मारतं. औषधानुसार दोन किंवा तीन फेऱ्या असतात, पहिली पावसाच्या तोंडावर. आदल्या दिवशी गावात सांगा, की धान्य झाका, भांडी, खाटा, कपडे बाहेर काढा, लहान मुलं आणि कोंबड्या लांब ठेवा. नोझल भिंतीपासून एक हात दूर. आपल्या आज्या लुगडं मोजायच्या तो हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर, नेमकं तेच अंतर पुस्तकात आहे. जवळून मारलं तर औषध ओघळतं, लांबून मारलं तर हवेत जातं. छपराची आतली बाजू आणि खाटेमागची भिंत सोडायची नाही. हंगामी फवारणी कामगारांना मास्क, हातमोजे, साबण मिळतोय का, ते तुम्ही बघायचं. मागे लागून बघायचं.

सगळ्या घरांच्या सगळ्या खोल्या झाल्या तर उपयोग. देवाची खोली आणि धान्याची खोली हमखास सुटतात, आणि डास नेमका त्या अंधारात बसतो. देवाच्या खोलीत घरातलाच माणूस पंप धरेल, असं ठरवलं की बरेचदा वाट निघते.

खरी अडचण सारवणाची आहे. पोळा, दिवाळी आली की बायका भिंती माती-शेणाने सारवतात, आणि महिन्याभरापूर्वी मारलेलं औषध मातीखाली जातं. सारवू नका म्हणून काही होत नाही, तो त्यांच्या घराचा मान आहे. गावातल्या बायकांना विचारून सारवणाचा दिवस काढा आणि शक्य तिथे फवारणी त्यानंतर ठेवा. ते जमणार नसेल, तर जमीन आणि बाहेरची भिंत सारवा, झोपायच्या खोलीची आतली भिंत अडीच-तीन महिने तशीच ठेवा, एवढं मागा.

पाण्याचं थोडक्यात

आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळायला सांगा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. बंदिस्त बोडीत, विहिरीत, टाक्यात गप्पी मासे सोडा. वाहत्या नाल्यात सोडू नका, ते तिथे टिकले तर देशी माशांना त्रास, वाहून गेले तर फुकट. ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगते, डेंग्यूच्या डासाची डोकं खाली करून लटकते, एवढी ओळख पोरांना दाखवा. शाळेतली मुलं मग स्वतःच डबकी शोधतात. पण जंगलातल्या झऱ्यांपुढे आपले हात थोडे पडतात, म्हणून तुमचा वेळ मुख्यतः रक्त, गोळी, मच्छरदाणी आणि भिंत यांना द्या.

ताप नसलेले रुग्ण

ज्या गावात वर्षानुवर्षं हिवताप आहे, तिथे पुष्कळांच्या रक्तात जंतू असतात आणि ताप नसतो. ही माणसं तुमच्या वहीत कधीच येत नाहीत, आणि डासांना वर्षभर तेच पुरतात. ओडिशाने २०१७ पासून 'दमन' मोहिमेत दुर्गम गावांत ताप असो-नसो सगळ्यांची तपासणी केली, सोबत मोठ्या प्रमाणावर मच्छरदाण्या वाटल्या. तिथे २०१६ साली सुमारे ४ लाख ४५ हजार रुग्ण होते, २०१८ साली ते ७० हजारांच्या आत आले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने २०२० मध्ये मलेरियामुक्त बस्तर अभियान याच वाटेने सुरू केलं. इंद्रावती नदीच्या पलीकडे जे होतं, त्याचा आपल्या काठाशी थेट संबंध आहे. बाजार एक, सोयरीक एक, डासही तेच.

तुमच्या टोल्यात पावसाआधी अशी सरसकट तपासणी घ्यायची परवानगी आणि किट तालुक्याला मागा. एका घरात पॉझिटिव्ह निघाला तर त्या घरातल्या सगळ्यांचं आणि आजूबाजूच्या घरांचं रक्त त्याच आठवड्यात घ्या, हे तर परवानगीशिवायही करायचंच.

आकडे वाचताना

हजारी रुग्णसंख्या काढायला शिका. २४० लोकवस्तीच्या गावात वर्षात सहा रुग्ण, म्हणजे हजारी २५. सहा ऐकायला थोडे वाटतात, पण देशाचं उद्दिष्ट हजारी एकच्या खाली जायचं आणि २०३० पर्यंत हिवताप संपवायचं आहे. रुग्ण कमी दिसले की आधी किती रक्तनमुने घेतले ते बघा. नमुनेच घटले असतील तर तो आकडा खोटा दिलासा आहे.

आकडा खरंच घटला तरी फेऱ्या थांबवू नका. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखावर आले होते, आणि १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. डासांना आणि जंतूंना औषधांची सवय झाली हे एक कारण, आणि गावोगावची देखरेख ढिली पडली हे दुसरं. त्या दुसऱ्या कारणात तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती.

पाऊस लागायच्या आत

पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि आतली गावं तर त्याआधीच तुटतात. मे महिन्याच्या शेवटी अशा गावांची वेगळी यादी करा. प्रत्येक गावात आशाताईंकडे किंवा एखाद्या शिकलेल्या मुलाकडे पुरेशी किट, सगळ्या रंगांची एसीटी पाकिटं, क्लोरोक्विन, प्रायमाक्विन, पॅरासिटामॉल आणि ओआरएस पोचवा. साठा पावसाळाभराचा हवा, महिन्याचा नको. मुदतीची तारीख प्रत्येक पाकिटावर बघा. गरोदर बायकांची यादी काढून, दिवस भरत आलेल्यांना नाल्याच्या अलीकडे आणायची सोय घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

मध्येच दोन-चार दिवस उघडीप मिळाली आणि नाला उतरला, की पहिली फेरी त्याच गावांची. पिशवीत काचपट्ट्या नेहमीच्या दुप्पट घ्या, कारण तिथे थांबलेले ताप असतात. पोचल्यावर आधी चहाला बसू नका, आशाताईंना विचारा कोण निजून आहे, आणि त्या घरापासून सुरुवात करा.